नादाचे बळ आणि नादाचे माधुर्य

घरात नवे ध्वनियंत्र घ्यावयाचे ठरले, म्हणजे पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो : किती वॅटचे? देवालयाच्या विश्वस्तांची बैठक उत्सवापूर्वी भरते, तेथेही हाच प्रश्न पुढे येतो. गेल्या वर्षी कीर्तन मागल्या रांगेत नीट ऐकू आले नाही, तर यंदा मोठा ॲम्प्लिफायर आणावा, असा ठराव सहज मांडला जातो. वॅट वाढले म्हणजे नाद सुधारला, हे समीकरण इतके सर्वमान्य झाले आहे की, त्याची शहानिशा करण्याचे कोणास सुचत नाही. प्रस्तुत लेखात ही शहानिशा इतिहासाच्या आधाराने करावयाची आहे. बेळगाव-निपाणीचा आपला सीमाभाग त्यासाठी सोयीचा आहे. कारण निव्वळ मानवी कंठापासून आजच्या 'डॉल्बी'पर्यंतचा सारा प्रवास या मुलखाने सव्वाशे-दीडशे वर्षांत आपल्या कानांनी अनुभवला आहे.

मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्यांचे 'शाकुंतल' 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढील अर्धशतक संगीत नाटकाचे वेड साऱ्या महाराष्ट्रास, कर्नाटकास व गोमंतकास लागून राहिले. या कालखंडातील बहुतेक काळ रंगमंचावर ध्वनिवर्धकाचा मागमूस नव्हता. तरीही शेकडो प्रेक्षक रात्रभर पदे ऐकत, त्यांतील हरकती दुसऱ्या दिवशी गुणगुणत. हे कसे साधत असे? एक तर नट चढ्या पट्टीत गात. मानवी कान दोन ते चार हजार कंपनांच्या टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. चढ्या, टोकदार आवाजातील उपस्वर या टप्प्यात पुष्कळ असतात, म्हणून असा आवाज थोड्या शक्तीतही दूरवर पोहोचतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. त्या काळची रात्र शांत होती. मोटारींचा गोंगाट नव्हता, पंख्यांची घरघर नव्हती. नाद लहान होता. पण त्याच्याशी स्पर्धा करणारा कोलाहल त्याहूनही लहान होता.

1921 साली मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ललितकलादर्श ही नाटक मंडळी 1908 साली हुबळीत स्थापन झाली. तिचे सूत्रधार केशवराव भोसले यांचा आवाज पल्लेदार व तेजस्वी. बालगंधर्वांचा आवाज त्या मानाने मृदू, लडिवाळ. टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले, केशवराव धैर्यधराच्या व बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत. जोर हाच नादाचा निकष असता, तर त्या रात्री भामिनी झाकोळून गेली असती. तसे झाले नाही. दोघांच्याही गाण्याची आठवण रसिकांनी पुढे पिढ्यान्पिढ्या सांगितली.

सभांचीही तीच गोष्ट. लोकमान्य टिळकांनी 1916 साली बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, त्या वेळी वक्त्याचा कंठ हेच एकमेव साधन होते. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडची एक अकरा वर्षांची बालिका होती, जी पुढे गंगूबाई हनगळ या नावाने भारतभर विख्यात झाली. सामान्य बोलण्यात मनुष्याच्या मुखातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास असते, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या काळच्या श्रोत्यांच्या कानांचे व त्यांच्या संयमाचे महत्त्व ध्यानात येते.

येथे देवालयांचा विचार अवश्य करावयास हवा. आपले बरेचसे गायन देवाच्या पुढ्यात वाढले. गोमंतकातील मंगेशी, शांतादुर्गा यांसारख्या देवस्थानांच्या परिसरातून केवढी कलावंत मंडळी निर्माण झाली, हे या नियतकालिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. सभामंडपाची फरशी, दगडी वा चुनेगच्ची भिंती, उंच छत, या सर्वांवरून नाद परावर्तित होतो आणि मूळ ध्वनी थांबल्यावरही काही क्षण रेंगाळत राहतो. यास प्रतिनाद म्हणतात. त्याचे शास्त्र अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉलेस सॅबिन यांनी 1895 पासून काही वर्षे प्रयोग करून बसविले. तेथील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. सॅबिन यांनी बैठकीच्या गाद्या आत-बाहेर नेऊन प्रतिनाद किती कमी-जास्त होतो, हे मोजले. त्यांचा निष्कर्ष असा की, प्रतिनादाचा काल खोलीच्या आकारमानावर आणि तिच्यातील नाद शोषणाऱ्या पृष्ठभागांवर अवलंबून असतो. ध्वनीच्या शक्तीला त्या सूत्रात स्थान नाही.

या एका निष्कर्षात विश्वस्तांच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे. सभामंडपात कीर्तनकाराचे शब्द अस्पष्ट ऐकू येत असतील, तर ॲम्प्लिफायरचा जोर वाढविल्याने शब्द वाढतो आणि त्याच प्रमाणात प्रतिनादही वाढतो. दोहोंचे गुणोत्तर जसेच्या तसे राहते. अस्पष्ट ऐकू येणारे पूर्वीपेक्षा मोठ्याने अस्पष्ट ऐकू येऊ लागते, इतकेच. जुने कीर्तनकार दगडी मंडपात सावकाश बोलत, चरणाच्या शेवटी थांबत, आणि झांजेचा ठोका शब्दावर पडू देत नसत. सॅबिनचे नाव त्यांनी ऐकलेले नसेल, पण वास्तूचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. मंडप श्रोत्यांनी भरला की आवाज 'बसतो', हा त्यांचा अनुभवही शास्त्रशुद्ध होता. कारण माणसे व त्यांची वस्त्रे नाद शोषून घेतात.

निपाणीहून फार दूर नसलेल्या मिरजेत तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. तंबोऱ्याची तार छेडण्यास बोटाची अत्यल्प शक्ती लागते. भोपळा त्या शक्तीत कणाचीही भर घालीत नाही. तो तारेचे कंपन अधिक विस्तृत पृष्ठभागावरून हवेत पोहोचवितो. आणि तंबोऱ्याचे खरे वैभव जवारीत असते. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासून, तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवून, कारागीर उपस्वर खुलवितो. जवारी बिघडलेली असता तार कितीही जोराने छेडली, तरी तंबोरा बोलत नाही. ध्वनियंत्राच्या बाबतीत हाच दृष्टान्त उपयोगी पडेल : शक्ती हे छेडणारे बोट, आणि ध्वनिक्षेपक व खोली मिळून त्याची जवारी व भोपळा.

यानंतर यंत्रयुग आले. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि हिंदी संगीताच्या ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला. त्या ग्रामोफोनमध्ये वीज नव्हती. गायक कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गात असे, त्या हवेच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेषा कोरी; आणि घरी तबकडी वाजविताना पुन्हा कर्णाच तो नाद हवेत सोडी. अशा मुद्रणात बुलंद आवाजाचा निभाव लागे, हळुवार आवाजाची कुचंबणा होई. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन व व्हॉल्व्ह यांच्या साहाय्याने होणारे विद्युत्-मुद्रण प्रचारात आले, आणि त्याच वर्षी राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे आधुनिक रूप सिद्ध केले. आपल्या घरातील बहुतेक स्पीकर आजही त्याच तत्त्वावर चालतात.

या शोधाचा सर्वांत सुंदर लाभ आपल्या भागास मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने झाला. त्यांचा आवाज बारीक, सुरेल, मनात झिरपणारा. 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत तो आवाज त्याच्या सर्व नजाकतीसह उतरला, आणि 1937 साली त्यांचे निधन झाल्यावरही तो घराघरांतून ऐकला जात राहिला. पुढे बेळगावजवळील सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या दीर्घ दुखण्यातून उठून, दुबळ्या झालेल्या फुफ्फुसांनिशी पुन्हा गाऊ लागले. लांब दमाच्या तानेऐवजी लहान, अर्थगर्भ स्वरावली त्यांनी जवळ केली, आणि श्वासाएवढ्या सूक्ष्म स्वरासही मायक्रोफोनने श्रोत्यांपर्यंत नेले. ध्वनिवर्धकाची खरी धन्यता ही आहे. लहान नाद त्याचे लहानपण न मोडता दूर नेणे, हे त्याचे कार्य होय.

घरोघरी या कार्याचा परिचय नभोवाणीने करून दिला. 8 जानेवारी 1950 रोजी धारवाड केंद्र सुरू झाले. तेथे पुढे मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखे गायक संगीत-सल्लागार होते, आणि बेळगाव परिसरात कानडी व मराठी दोन्ही घरांतून त्या केंद्राचे गायन ऐकले जाई. त्या काळच्या घरगुती व्हॉल्व्ह-रेडिओची शक्ती तीन ते पाच वॅट असे. लाकडी पेटी, एक मोठासा स्पीकर, आणि दिवाणखान्यात बसलेली सारी माणसे. त्या पाच वॅटांत कोणास काही उणे भासत नसे. आज शंभर वॅटचे यंत्र जवळ असूनही जे समाधान लाभत नाही, ते तेव्हा का लाभे, याचा उलगडा थोड्याशा गणिताने होतो.

ध्वनीची तीव्रता डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप घातांकी आहे, कारण कानाचा स्वभावच तसा आहे. शक्ती दुप्पट केली, तर तीन डेसिबेलची वाढ होते. ती कानास जाणवते, पण बेताचीच. आवाज 'दुप्पट मोठा' वाटावयास सुमारे दहा डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. एखादा सामान्य घरगुती स्पीकर एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबेल आवाज देतो, असे धरू. दिवाणखान्यात दोन-तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यास तो 80 च्या आसपास ऐकू येईल. परस्परांतील संभाषण 60 डेसिबेलच्या आसपास असते. तेव्हा 80 म्हणजे चांगलाच मोठा आवाज झाला. तो एका वॅटमध्ये मिळाला. पन्नास वॅटच्या यंत्राऐवजी शंभर वॅटचे घेतले, तर कमाल मर्यादेत केवळ तीन डेसिबेलची भर पडते, आणि त्या मर्यादेपर्यंत घरात कोणी सहसा जातही नाही. याउलट, त्याच पैशात 88 ऐवजी 91 डेसिबेल देणारा स्पीकर घेतला, तर एक वॅटही न वाढविता तेवढीच वाढ होते.

मग जादा शक्ती सर्वथा निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. संगीत एकाच पातळीवर चालत नाही. तबल्याची थाप, पखवाजाचा घुमारा, तारसप्तकातील आवेशाची तान, यांचे क्षणिक शिखर सरासरीपेक्षा दहा-पंधरा डेसिबेलने उंच जाते. म्हणजे सरासरीस एक वॅट लागत असेल, तर त्या क्षणास दहा ते तीस वॅट लागतात. तेवढी शक्ती यंत्रात नसेल, तर ध्वनिलहरीचा माथा छाटला जातो. नाद कर्कश होतो, आणि छाटण्यातून उपजलेले अनावश्यक उच्च स्वर स्पीकरच्या नाजूक भागास अपायही करू शकतात. म्हणून पुरेशी शिल्लक शक्ती हवी. मात्र ही गरज एकदा भागली की, पुढील वॅट नादास काहीही देत नाहीत. विहिरीस पाणी पुरेसे असेल, तर लांब दोराने ते गोड होत नाही.

स्टिरिओ या शब्दाविषयीही थोडा गैरसमज आहे. इंग्लंडचे ॲलन ब्लुमलाइन यांनी 1931 साली त्याचे एकस्व मागितले आणि 1958 च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. दोन स्पीकर असतात ते आवाज मोठा करण्यासाठी नसून, नाद कोणत्या दिशेने येतो याचा भास निर्माण करण्यासाठी. गायक मध्ये, तबला एका बाजूस, पेटी दुसऱ्या बाजूस, हे चित्र स्पीकरांच्या मांडणीवर आणि ऐकणाऱ्याच्या बैठकीवर अवलंबून असते.

इतके असूनही, जोर वाढविला की नाद 'सुधारला' असे वाटते, हा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण अमेरिकेतील फ्लेचर व मन्सन यांनी 1933 साली दाखविले. मंद आवाजात कानास खर्ज व अतितार स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढविला की ते उठून दिसतात, आणि गायन भरदार वाटू लागते. त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना जे किंचित मोठ्याने वाजेल, तेच सरस वाटते. दुकानात यंत्र पारखताना दोहोंचा आवाज सारखा करून ऐकावा. अन्यथा आपण नाद न पारखता केवळ जोर पारखून घरी येतो.

आता घर सोडून रस्त्यावर येऊ. बेळगावातील सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा 1905 पासून, लोकमान्यांच्या प्रेरणेपासून सांगितली जाते. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबावी, इतका त्याचा विस्तार झाला आहे. मेळे, लेझीम, ढोल-ताशा यांच्यानंतर कर्णे आले आणि अलीकडील दशकांत स्पीकरांच्या भिंती आल्या. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात त्यांस 'डॉल्बी' म्हणतात. चित्रपटगृहांच्या जाहिरातींतून हे नाव लोकांच्या तोंडी बसले असावे. परंतु ज्या गृहस्थाचे हे नाव, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे.

रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. 1963 ते 1965 या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. भारतातून परतल्यावर 1965 साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापिली. तिचा पहिला शोध कोणता? टेपवर ध्वनिमुद्रण करताना मागे जी अखंड खरखर ऐकू येते, ती कमी करण्याची युक्ती. मंद स्वर मुद्रित होताना थोडे उचलून धरावयाचे आणि ऐकविताना तितकेच खाली आणावयाचे. त्यांच्याबरोबर टेपची खरखरही खाली जाते. आवाज न वाढविता नाद सुधारतो, कारण त्यामागील कोलाहल घटतो. ज्याने आयुष्यभर गोंगाट कमी करण्याचा उद्योग केला, त्याचेच नाव आपण गोंगाटाच्या भिंतीस दिले आहे. संगीत नाटकाच्या काळी शांत रात्रीने जे काम केले, तेच डॉल्बींनी यंत्राकडून करवून घेतले, हे ध्यानात घेतले, म्हणजे ही विसंगती अधिकच खटकते.

तिचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबेलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत सोसावा. पुढे दर तीन डेसिबेलला हा अवधी निम्मा होतो, आणि 100 डेसिबेलला तो पंधरा मिनिटांवर येतो. मिरवणुकीत भिंतीपुढे नाचणारी मुले तासन्‌तास याहून मोठा आवाज झेलतात. आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की, पुन्हा उगवत नाहीत. प्रथम जातात ते वरचे स्वर, म्हणजे तंबोऱ्याच्या जवारीत जे ऐकावयाचे, तेच. ज्या मुलखाने अब्दुल करीम खाँ व कुमार गंधर्व ऐकले, त्याच मुलखातील पुढच्या पिढीच्या कानातून ते निसटून जावेत, ही हानी कोणत्याही भरपाईने भरून येणारी नाही.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबेल ही मर्यादा असून, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. ठराविक सणांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात असा अभिप्राय दिला की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. सीमेच्या अलीकडे कर्नाटक व पलीकडे महाराष्ट्र, अशी शासने दोन असली, तरी हे नियम व मानवी कान दोहोंकडे एकच आहेत.

तेव्हा उत्सवाच्या तयारीत विश्वस्तांनी काय करावे? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो; तो भरून काढावयास चौपट शक्ती लागते. म्हणून एकच प्रचंड यंत्र पुढे ठेवून मागच्या रांगेपर्यंत आवाज ढकलण्यापेक्षा, लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, थोड्या शक्तीवर लावावेत. ते फार दूरदूर मात्र नसावेत. कारण नाद सेकंदास सुमारे 340 मीटर जातो, आणि चौतीस मीटरच्या फरकाने येणारा दुसरा आवाज सेकंदाच्या दशांशाने मागे पडून शब्द पुसून टाकतो. मायक्रोफोन कीर्तनकाराच्या मुखाजवळ असावा. मंडपात सतरंज्या अंथराव्यात, पडदे सोडावेत. एवढ्याने जे साधेल, ते दुप्पट वॅटने साधणार नाही, आणि खर्चही कमी येईल.

घरच्यांसाठीही सल्ला तोच. प्रथम स्पीकर चांगला निवडावा, तो भिंतीच्या कोपऱ्यातून थोडा बाहेर घ्यावा, खोलीत जाजम व पडदे असावेत, आणि शक्ती गरजेपुरती, थोडी शिल्लक राहील इतकी असावी. मग रात्री घर निजल्यावर, पंखा बंद करून, खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडी लावावी. तिची खरखर ऐकू येईल, आणि त्या खरखरीतून तो बारीक आवाजही स्पष्ट ऐकू येईल. तो ऐकण्यास एक वॅटही अधिक होतो.